धाकट्या जावेची रिकामी खोली

माझी धाकटी जाऊ आणि मी एका वर्षाच्या अंतराने एकाच घरात सून म्हणून आलो. खाडीच्या काठी सासऱ्यांचं घर, दोन भाऊ, त्यांच्या आम्ही दोन बायका. दोघी एकाच बाजारात शेजारी शेजारी म्हावरं विकायला बसायचो. मी थोरली, त्यामुळे मान माझा. मान सोडून बाकी जे काही मिळण्यासारखं होतं ते तिला मिळालं.

ती सातवी शिकलेली, मी चौथी. ती गिऱ्हाइकाशी गोड बोलायची, मुलाबाळांची चौकशी करायची. मला ते जमलं नाही. बायका माझ्या पाटीतल्या पापलेटाचे कल्ले उघडून बघायच्या, हात पुसायच्या आणि तिच्याकडून घ्यायच्या. माझी कोलंबी तिच्यापेक्षा स्वच्छ सोललेली असायची. हे ती स्वतःसुद्धा मान्य करेल. पण स्वच्छ सोललेली कोलंबी दुपारी घरी परत मीच आणायचे, आणि ती रिकामी पाटी डोक्यावर उपडी घालून पुढे चालायची.

पुढे तिच्या नवऱ्याने होडी सोडून कारखान्यात नोकरी धरली आणि ती ठाण्यात वर्तकनगरला राहायला गेली. आमच्या ह्यांनी होडी सोडली नाही. खाडीत मासळी लागेनाशी झाली तेव्हा उशीर झालेला. आज मी मुलासोबत दिवा स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहते. तिच्याकडे तीन खोल्या आहेत आणि नळाला कधीही पाणी असतं. मी तिच्या घरी गेले की हात धुवायच्या निमित्ताने नळ सोडून बघते. येतंच.

लोकांना वाटतं म्हातारपणी माणूस शांत होतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. गुडघे गेले, दात गेले, जळणं तेवढं शाबूत आहे.

तिचा नातू आणि माझी नात, दोघंही कॉम्प्युटर इंजिनियर झाले. माझी नात त्याच्यापेक्षा हुशार. हे मी आजी म्हणून सांगत नाही, दोघांचे बारावीचे मार्क मला पाठ आहेत. पण कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्याला ठाण्यातल्या एका मोठ्या कंपनीने घेतलं, आणि हिला एका लहान कंपनीने, जी दोन वर्षांत बंद पडली. मग पोर पाच महिने घरी. रोज सकाळी केस विंचरून, धुतलेला कुर्ता घालून लॅपटॉपसमोर बसायची. खाली घरातलाच पायजमा. मुलाखती देत राहायची. कुणी पहिल्या फेरीत नाही म्हणायचं, कुणी दुसऱ्या फेरीत, कुणी काहीच कळवायचं नाही. ती जेवायला बसली की ताटात बोटाने रेघा मारत बसायची. वजन उतरलं. तिची आई मला म्हणाली, "आता ही नोकरी नाय लागली तर पोर हातची जाईल." मला तेच दिसत होतं.

तेव्हा जावेच्या नातवाने स्वतःच्या कंपनीत हिचं नाव दिलं. हिने दोन फेऱ्या काढल्या. शेवटची फेरी राहिली. ती झाली की नोकरी.

आठ दिवस आधी जावेचा मला फोन आला.

"काय गो बाय, बरी हायेस ना?"

"आहे. तू बोल."

"मी काय म्हणते, पोरीला माझ्याकडे पाठव ना दोन दिवस. एक खोली रिकामीच हाय. दार लावून बसेल, कोण आत जाणार नाय. तुमच्याकडं ते पाण्याचं, माणसांचं... आणि आमचा नातू पण घरी राहील. तो शेवटची फेरी घेणारा साहेब त्याच्या ओळखीचा हाय, कसं काय विचारतो ते सगळं तिला समजावून देईल."

"बघते. सांगते तिला."

"नक्की सांग हं. मी आधी तुलाच फोन केला."

आधी मलाच करणार. आमच्यात थोरल्या घरातल्या पोरीला परस्पर बोलवत नाहीत. थोरलीला विचारायचं, तिने हो म्हटलं की मग पोरीला सांगायचं. जाऊ या बाबतीत कधी चुकली नाही. लग्नात, बारशात, नवसाला, सगळीकडे आधी मला विचारते. आणि उत्तर आलं नाही तर ते नाहीच समजायचं, पुन्हा विचारायचं नाही, हेही तिला ठाऊक.

मी नातीला सांगितलं नाही.

विसरले असं मी त्या वेळी स्वतःला सुद्धा म्हणाले नाही. मला नको होतं. नोकरी तिच्या नातवाच्या शब्दावर, मुलाखत तिच्या खोलीत, पंखा तिचा, इंटरनेट तिचं. मग पोरीला नोकरी लागली की सगळ्या भावकीत काय बोलणार? धाकटीने लावली. माझ्या नातीला जे मिळायचं ते माझ्या घरातून मिळू दे, असं मला वाटलं. घर कसलं, दोन खोल्या आणि एक मोरी.

मुलाखत अकराची होती. मुलगा आणि सून कामावर गेलेले. घरात मी आणि ती. तिने बाहेरच्या खोलीत पलंगावर स्टूल ठेवलं, त्याच्यावर लॅपटॉप, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं. मला म्हणाली, "आजी, तू आत बस. त्यांना खोलीत दुसरं कोणी दिसलं तर कॉपी करते असं समजतात. मी जागेवरून उठले तरी त्यांच्याकडे नोंद होते. काय वाट्टेल ते झालं तरी मला हाक मारू नकोस."

"मी कशाला मारते हाक."

मी आत लसूण सोलत बसले. मधे पडदा. पडद्याच्या कडेतून तिची पाठ दिसत होती.

अकराला कोणी आलं नाही. साडेअकराला निरोप आला, साहेब दुसऱ्या मीटिंगमध्ये आहेत. बारा वाजले. पोर जागची हलेना. मी म्हटलं, दोन घास खाऊन घे. ती म्हणाली, "खाताना आले तर?" साडेबाराला परत निरोप, अजून थोडा वेळ. आम्ही बाजारात गिऱ्हाइकाची वाट बघायचो, पण त्यात निदान शेजारणीशी बोलता यायचं, तंबाखू मळता यायची. ही नुसती कोऱ्या पडद्याकडे बघत, हसरा चेहरा तयार ठेवून बसली होती.

सव्वाला साहेब आले. त्यांचा चेहरा काही दिसला नाही. त्यांनी कॅमेरा लावलाच नव्हता. एका गोलात नुसतं एक अक्षर. हिला मात्र म्हणाले, कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखव. हिने लॅपटॉप उचलून भिंती दाखवल्या, पलंगाखालचे डबे दाखवले, पाण्याची पिंपं दाखवली. मी पडद्यामागे श्वास धरून उभी. आमच्या घरात मुलगी बघायला आले होते त्यांनीही एवढं बघितलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. ती इंग्रजीत बोलत होती, भराभर, न अडखळता. मला एक अक्षर कळत नव्हतं. खरं सांगते, त्या वेळी मला जावेपेक्षा हिचाच हेवा वाटला. एक माणूस हिला विचारत होता की तुला काय काय येतं, आणि ही सांगत होती. मला आयुष्यात कुणी विचारलं नाही. कोलंबीचा वाटा केवढ्याला, एवढंच विचारलं.

नंतर तिने मला सांगितलं की साहेबांनी एक कोडं घातलं. हजारो नावांची यादी आहे, त्यात एक नाव दोनदा आलंय, ते लवकरात लवकर कसं शोधशील? हिने एक पद्धत सांगितली. साहेब म्हणाले, याहून जलद? हिने दुसरी सांगितली, लिहून दाखवली. साहेब पुन्हा म्हणाले, याहून जलद? ते इंग्रजीतले शब्द मी पडद्यामागून तीनदा ऐकले, त्याच सुरात. तिसऱ्यांदा विचारल्यावर पोर गप्प झाली. तिची मान खाली गेली. ती कागदावर काहीतरी खरडायला लागली, खोडायला लागली. साहेब मदत करत नव्हते. त्यांच्या बाजूने टाइप केल्याचा टकटक आवाज येत होता, ते भलतंच काही काम करत असावेत.

दोन वाजले आणि मोरीतला नळ खाकरला.

दिव्याला आमच्या इमारतीत पाणी दिवसातून एकदा येतं, दोनच्या सुमाराला, वीस पंचवीस मिनिटं. आमचं घर टाकीच्या बाजूला, त्यामुळे पहिला नळ आमचा वाजतो. ज्याचा नळ पहिला वाजेल त्याने ओरडायचं, असं मजल्यावर ठरलेलं आहे. सात घरं माझ्या आवाजावर असतात. बाजारात कमावलेला आवाज, तीन मजले जातो.

मी ओरडले. "पाणी आलं गो!"

आणि माझी नात उठली.

तिला काही कळायच्या आत तिचे पाय उठले. सहा वर्षांची असल्यापासून ती या हाकेला उठते. अभ्यासातून उठली, तापातून उठली, ताटावरून उठली. बादली धरायचं तिचं काम. ती उठली, मोरीकडे वळली, कानातल्या वायरीने लॅपटॉप ओढला गेला आणि स्टुलावरून पलंगावर उपडा पडला. बाहेर सगळ्या मजल्यावर दारं उघडल्याचे, पिंपं सरकवल्याचे आवाज. ती अर्ध्या वाटेत थांबली. माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. नळ वाहत होता.

तिने लॅपटॉप उचलला. मुलाखत तुटलेली. परत जोडायला चार मिनिटं गेली. साहेब म्हणाले की आपली वेळ संपली आहे, आम्ही कळवू. दोन तास पंधरा मिनिटं उशिरा आलेला माणूस चार मिनिटं थांबला नाही.

तिने उठून बादली लावली आणि पिंपं भरली. मला बरं वाटलं असतं जर ती ओरडली असती.

तीन दिवसांनी कळवलं. नाही.

ओरडल्याबद्दल मला काही वाटत नाही. सवयीने तोंडातून जातं ते जातं. साहेब अकराला आले असते तर पाण्याचा प्रश्नच नव्हता. मी मनात त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला भरपूर शिव्या दिल्या आणि फोनचा विषय मनात येऊ दिला नाही.

पंधरा दिवसांनी डोंबिवलीला भावकीत एक बारसं होतं. मी आणि नात गेलो. जाऊ नातवाला घेऊन आलेली, नवी निळी साडी नेसून. मला वाकून नमस्कार केला आणि नातीचा हात हातात घेतला.

"काय गो पोरी, आली नायस ती? मी खोली झाडून ठेवलेली, नवी चादर घातलेली. म्हटलं आता येईल, मग येईल."

"कुठे, धाकटी आजी?"

"आमच्याकडं, मुलाखतीला. बायला फोन केलेला ना मी."

नातीने माझ्याकडे बघितलं. मी पाळण्याकडे बघत होते. जावेने आमच्या दोघींकडे बघितलं आणि तिला कळलं. ती लगेच म्हणाली, "अगं, फोनात खरखर होती, बायला ऐकायला नसेल आलं." मला सांभाळून घेतलं तिने. त्याचाही मला राग आला. तिने मला भर बारशात उघडं पाडलं असतं तर मी निदान भांडले असते.

तिच्या नातवाला हे काही समजलं नाही. तो उपमा खात म्हणाला, "अगं, तो सगळ्यांना तेच विचारतो. तीनदा विचारतो, याहून जलद, याहून जलद. दुसऱ्या उत्तराच्या पुढे काही नसतंच. आपण ठाम सांगायचं, यापुढे होणार नाही. तो तेवढंच बघतो, माणूस ठाम राहतो का. मी तुला सांगणार होतो, पण तुमच्याकडून काही उत्तरच नाही आलं, आणि परस्पर फोन करायचा नाही म्हणून आजीने बजावलेलं."

मी उपम्याची बशी खाली ठेवली. गिऱ्हाईक तिसऱ्यांदा कमी कर म्हणालं की हात आखडता घ्यायचा, तोंड फिरवायचं, हे मी पन्नास वर्षं केलं. एवढंच जर त्या कोड्याचं उत्तर होतं तर ते मला येत होतं. ते पडद्याच्या एका बाजूला होतं आणि पोर दुसऱ्या बाजूला.

परत येताना शेअर रिक्षात ती माझ्या शेजारी बसलेली. स्टेशन यायच्या आधी तिने विचारलं.

"फोन आलेला?"

"आलेला."

"काय म्हणाली?"

"ये म्हणाली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला नको होतं तू तिच्याकडे जायला."

ती म्हणाली, "आजी, नोकरी कोणाला हवी होती?"

पुढे बसलेल्या माणसाने मागे वळून बघितलं. मी त्याला म्हटलं, "तू पुढं बघ रे."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर स्वतःच्या फोनवरून जावेला फोन लावला. मला विचारलं नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदा झालं. "धाकटी आजी, सोमवारी दुसऱ्या कंपनीची आहे, मी रविवारीच येऊ का?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू येत नव्हतं, पण मी जावेला ओळखते. ती म्हणाली असणार, बायला विचारलंस का. कारण नात म्हणाली, "हो, ती इथेच आहे." आणि माझ्याकडे न बघता फोन माझ्या पुढ्यात धरला. मी म्हटलं, "येऊ दे." दोन शब्द. तेवढे काढायला मला कोलंबीची पाटी सोलण्याएवढे कष्ट पडले.

रविवारी ती लॅपटॉप आणि दोन कुर्ते घेऊन गेली. सोमवारी मी दिव्याला एकटी. मुलाखत बाराला होती. सव्वाबाराला माझा फोन वाजला. जाऊ कुजबुजत होती.

"बाय, बसलीय आत. दार लावलंय. वेळेवर सुरू झालं बघ."

"तू दाराशी उभी हायेस का?"

"मग काय. तुला सांगायला नको?"

"पोर चिडेल. हो बाजूला."

"आवाज येतोय गो तिचा. मस्त बोलते. इंग्रजीत."

"काय बोलते?"

"ते काय मला कळतंय? तुला कळलेलं का?"

"नाही."

"मग?"

आम्ही दोघी फोन धरून राहिलो. तिला दारातून ऐकू येत होतं, मला तिच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गप्प झाली गो." मी फोन कानावर आणखी दाबला. मग म्हणाली, "परत बोलली. एकच वाक्य बोलली, जोरात. आता तो साहेब हसतोय वाटतं." मी म्हटलं, "हसतोय म्हणजे कसा हसतोय?" ती म्हणाली, "चांगला हसतोय." ठेवते म्हणाली आणि ठेवलं नाही. मीही ठेवलं नाही.

नोकरी लागली. चार दिवसांनी कळलं, आणि त्या वेळी ती अजून वर्तकनगरलाच होती, म्हणून जावेला आधी कळलं. मला फोनवर. माझ्या मुलाने दिव्यात सगळ्या मजल्याला पेढे वाटले. लोक येऊन मला नमस्कार करायचे आणि मी घ्यायचे.

पण ऑफिस ठाण्यात आहे. वर्तकनगरहून रिक्षाने पंधरा मिनिटं. नात म्हणाली, सोमवार ते शुक्रवार मी धाकट्या आजीकडेच राहते, शनिवारी येते. तिच्या आईने माझ्याकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते, मी काय बोलते म्हणून.

मी नातीला म्हटलं, "जा. मला आवडत नाही, पण जा."

"आजी, काय आवडत नाही?"

"तिच्या घरात तू रोज केस विंचरणार, ते."

ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसली. "तू ना, जळकी आहेस."

"आहे."

पहिल्या शनिवारी ती आली तेव्हा हातात डबा होता. धाकट्या आजीने दिलाय म्हणाली. उघडला तर बोंबलाचं कालवण, आमच्या सासूच्या पद्धतीचं, वर तेलाचा लाल तवंग. पोर चार दिवसांत गालांनी भरली होती. तिने मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि बोटं चाटत ऑफिसातलं सांगत बसली, कोण शेजारी बसतं, कोण चहा पाजतं, काय काम दिलंय. ताटात रेघा मारल्या नाहीत.

"कसं झालंय कालवण?" तिने विचारलं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

मीठ बरोबर होतं. मी परत वाढून घेतलं.